आईंचा बटणाचा फोन आणि स्टुटगार्टचं सिम

पत्र थोडक्यात असं:

"ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात छत्तीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरीच असतो. मुलगी-जावई जर्मनीत स्टुटगार्टला असतात. ऑक्टोबरअखेर मुलीचं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघं सप्टेंबरच्या मध्यावर निघतोय. व्हिसा ९० दिवसांचा. माझी आई ८८ वर्षांची, गावभागात धाकट्या भावाकडे असते. भाऊ-वहिनी दुकान बंद करून नऊला येतात, तोवर ती झोपलेली असते. तिच्याकडे साधा बटणाचा फोन. रोज संध्याकाळी माझा फोन आला नाही तर ती जेवत नाही. हरभट रोडचा मोबाइलवाला म्हणतो, इथूनच रोमिंगचा पॅक मारा. तिकीट काढून देणारा एजंट म्हणतो, माझ्याकडचं वर्ल्ड सिम घ्या. जावई म्हणतात, काही घेऊ नका, इथे आल्यावर ई-सिम टाकू. तिघांची तीन तोंडं. कमीत कमी पैशात काय बसेल? माझा फोन दोन सिमचा आहे. हिच्या जुन्या फोनला एकच सिम बसतं. पण हिला वेगळं सिम कशाला, ती माझ्याबरोबरच असणार. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहिलं, रागावू नका. – एक दिवाणजी, विश्रामबाग"

दिवाणजी काका, नमस्कार.

ही एवढीशी गोष्ट नाही. मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय ८८ वर्षांची आई जेवत नसेल, तर सिमकार्डाचा घोर लागणारच.

आधी त्या तिघांचं बघू. खोटं कुणीच बोलत नाही. फक्त प्रत्येकजण दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देतोय. हरभट रोडच्या मुलाकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक आठ-दहा दिवसांच्या ग्रुप टूरचं असतं. आज पॅरिस, उद्या ॲमस्टरडॅम, परवा बस कुठे जाईल देव जाणे. त्यांना रोमिंगचा पॅक झकास. नंबर तोच राहतो, सिम काढा-घाला नको. पण हे पॅक दिवसांच्या मापाने विकले जातात. एकाला एक जोडत ९० दिवस काढायचे ठरवलेत, तर डोहाळजेवणाचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटेल.

एजंटच्या वर्ल्ड सिमबद्दल माझं मत चांगलं नाही, पण ते बाजूला ठेवते. त्याला एवढंच विचारा: या सिमला नंबर कुठल्या देशाचा? त्यावरून साध्या फोनला कॉल लागतो, की नुसतंच इंटरनेट? सांगलीत आईला लावलेल्या कॉलला मिनिटाला किती? आणि उरलेली रक्कम परत मिळते का? उत्तराऐवजी त्याने चहा मागवला, की उठा.

जावईबापू अर्धे बरोबर आहेत. ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्याशिवायचं सिम, ते फोनच्या आतच उतरवून घेतात. पण त्यात दोन जाती आहेत. प्रवाशांसाठी ॲपवर मिळतात ती बहुतेक नुसती डेटाची असतात. त्यांना स्वतःचा फोन नंबर नसतो, त्यामुळे तुमच्या आईच्या बटणाच्या फोनपुढे त्यांचा काही उपयोग नाही. जर्मन कंपनीचं, नंबरासकट मिळणारं ई-सिम वेगळं, ते चालेल. तुमचा फोन ई-सिम घेतो का हे बघायला *#०६# दाबा. आकड्यांच्या यादीत 'ईआयडी' असं काही दिसलं तर घेतो. नाही दिसलं तरी बिघडत नाही, साधं सिम घाला.

आता मूळ मुद्दा. काका, तुम्ही दिवाणजी असूनही सगळी रक्कम एकाच खात्यावर टाकलीत. परदेशात बोलणं असं एक खातं नसतंच. मुलीच्या घरात वायफाय आहे. तिथे बसून पुण्याच्या बहिणीशी, मिरजेच्या साडूंशी व्हॉट्सॲपवर तासभर गप्पा मारल्यात तरी वेगळा पैसा पडत नाही, मग फोनमध्ये कुठलंही सिम असो. नंबरही बदलायचा नाही. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारेल, नंबर बदलायचा का? नाही म्हणायचं, जुनाच ठेवायचा. म्हणजे तुमच्या नव्वद टक्के बोलण्याचा प्रश्न कुठलंही सिम न घेताच सुटला. पैसा खरा लागणार तो एकाच ठिकाणी: गावभागातल्या त्या बटणाच्या फोनवर.

आणि पैसा जिथे चोरपावलांनी जाईल, ती जागा म्हणजे तुमचं सांगलीचं सिम. त्याचं आधी सांगते.

हे सिम फोनमधून काढायचं नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येणार, गॅसचा नंबर लावला की मेसेज त्यावर येणार. यूपीआयचं ॲपही त्याच सिमला बांधलेलं असतं. शिवाय व्हॉट्सॲपसारखी ॲपं ज्या नंबरावर नोंदली आहेत ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू नयेत, असा आदेश दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे. तेव्हा 'सिम काढून पाकिटात जपून ठेवतो' हा जुना शहाणपणा आता सोडा. तसंही ते पाकिटात राहत नाहीच. माझ्या एका मावशीने आपलं सिम कुंकवाच्या करंड्यात ठेवलं होतं. परत आल्यावर त्यातून निघालं ते नाणं होतं की सिम, हे धुतल्याशिवाय कळेना.

हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीखालची कोठारं, तुम्ही पाहिलेली असणार. हळद आत टाकली, तोंड बंद केलं, की मग रोज उघडून बघायचं नाही. सांगलीचं सिम तसं ठेवा. आत आहे, सुरक्षित आहे, पण हात लावायचा नाही. पेव बंद करण्याआधी मात्र चार कामं इथेच उरकून घ्या. कंपनीच्या गॅलरीत जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि स्पष्ट विचारा, "पॅक न घेता जर्मनीत एसएमएस येतील ना? येणाऱ्या एसएमएसला पैसे पडणार नाहीत ना?" सहसा पडत नाहीत, पण काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐका. मग ##००२# डायल करा, म्हणजे कॉल दुसरीकडे वळवण्याच्या सगळ्या सोयी रद्द होतात. रोमिंगमध्ये वळवलेला कॉल कधी कधी दोनदा पैसे खातो. फोनच्या सेटिंगमध्ये या सिमचं डेटा रोमिंग बंद करा आणि बंद झाल्याचं घरातल्या एखाद्या जाणत्या पोराकडून पुन्हा बघून घ्या. फोटो आपोआप वर चढवणारं जे काही असेल, तेही फक्त वायफायवर ठेवा.

चौथं काम रिचार्जचं. इथे तुमची आकडेमोड कामाला येईल. आपल्याकडचे लोकप्रिय पॅक ८४ दिवसांचे. तुमचा मुक्काम ९० दिवसांचा. म्हणजे आदल्या रात्री रिचार्ज मारून निघालात तरी शेवटचे सहा दिवस उघडे पडतात, आणि नेमका त्याच दिवसांत परतीच्या विमानाचा ओटीपी येतो. भावाला तारीख लिहून द्या, तो सांगलीतून मारेल. पॅक बिनडेटाचा मागा. नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये ठरवून दिलं, तेव्हापासून ते मिळतात. दुकानदार आपण होऊन दाखवत नाही, एवढंच. तिकडे पेवातल्या सिमला डेटा काय करायचाय? आणि रिचार्ज न मारता सिम तसंच पडू द्यायचं मनातही आणू नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनीला प्रीपेड नंबर बंद करता येतो. तुमच्या व्हिसाचे दिवसही नेमके तेवढेच.

आता चोरपावलं. रोमिंगमध्ये आलेला कॉल उचलला, की उचलणाऱ्याला पैसे पडतात. सांगलीतून फोन करणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते, त्याच्या हिशेबाने तो शेजारच्या गल्लीत बोलतोय. माझाच किस्सा सांगते. भाच्याकडे परदेशात गेले होते. पहाटे साडेतीनला फोन वाजला. पहाटेचा फोन म्हटल्यावर आपल्या मनात एकच विचार येतो. साताऱ्यात कोण आजारी होतं, याची उजळणी करत धडपडत उचलला. पलीकडून एक गोड आवाज: "मॅडम, आपल्याला पर्सनल लोनची आवश्यकता आहे का?" मी झोपेत. इतकं हायसं वाटलं, की रागवायच्या ऐवजी मी तिची विचारपूस करत बसले, कुठून बोलतेस, घरी कोण कोण असतं. चार-पाच मिनिटं. त्या चार-पाच मिनिटांत साताऱ्याच्या मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे आले असते.

म्हणून दोन्ही सिमची रिंग वेगवेगळी लावा. बऱ्याच फोनमध्ये तशी सोय असते. सांगलीच्या सिमची रिंग वाजली, की बघायचं, उचलायचं नाही. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत. आणि हीच तुमच्या आईच्या फोनाची किल्ली आहे.

स्टुटगार्टचा नंबर आईला लावता येणार नाही. तिच्या सिमला परदेशी कॉलची सोय नसेल, आणि असली तरी तेवढे आकडे दाबायला लावू नका. तिने आपलं नेहमीचं बटण दाबायचं, तुमचा सांगलीचा नंबर लावायचा, दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. मिस्ड कॉल. तो स्टुटगार्टमध्ये फुकट वाजेल. मग तुम्ही जर्मन सिमवरून तिला फोन लावायचा.

ते जर्मन सिम कुठलं, हे यावरून ठरतं. रोज दहा मिनिटं. तिकडचे प्रीपेड पॅकही बहुतेक चार आठवड्यांचे, म्हणजे २८ दिवसांचे. २८ दाहे २८०. तेव्हा ज्या पॅकमध्ये भारतात बोलायची किमान ३०० मिनिटं धरलेली आहेत, असा पॅक शोधायचा. बाजारात पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती सुपरमार्केटची सिमं, आल्डी टॉक किंवा लिडल कनेक्ट. जर्मनीतल्या जर्मनीत ती स्वस्त आणि चांगली. पण त्यांचं 'अनलिमिटेड' म्हणजे जर्मनीतल्या फोनांना. भारतात बोलायचे पैसे मिनिटाच्या हिशेबाने वेगळे पडतात. नुसतं अनलिमिटेड वाचून घेतलंत तर पहिल्याच आठवड्यात जावईबापूंपुढे मान खाली घालावी लागेल.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी निघालेल्या कंपन्यांची सिमं निराळी असतात, त्यांच्या बऱ्याच पॅकमध्ये भारताची मिनिटं असतात. लायकामोबाइल आणि लेबारा ही त्यातली दोन ठळक नावं. लेबारा हे नाव ऐकून मला ते कुठल्या तरी युरोपीय सरदाराचं वाटायचं. निघालं भलतंच: तीन श्रीलंकन तमिळ मित्रांच्या नावांची पहिली अक्षरं आहेत ती, लिऑन, बास्करन आणि रतीसन. २००१ मध्ये त्यांनी कंपनी काढली. घरापासून लांब राहिलेल्या माणसाला गावी फोन करायला काय पडतं, हे पोटातून माहीत असलेली माणसं. त्याच सुमाराला आपल्याकडे काय होतं आठवा. मार्च २००२ पर्यंत परदेशी कॉलचा मक्ता एकट्या व्हीएसएनएलकडे होता. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या टेलिफोन बूथच्या काचेत आम्ही उभे, आणि डोक्यावर लाल आकडे पळतायत. भावाशी बोलताना नजर त्या आकड्यांवरून हलायची नाही. 'बरा आहेस ना, ठेवते' एवढ्यात संपायचं.

सिम घेताना जावयांकडून दोन गोष्टी वाचून घ्या: भारताची मिनिटं मोबाइल आणि लँडलाइन दोन्हीकडे चालतात का, आणि पॅक संपल्यावर तो आपोआप पुढे चालू होतो का. तीन पॅकमध्ये तुमचे ८४ दिवस निघतील. इथेही तेच सहा दिवस उरतात, पण त्यासाठी चौथा पॅक घेऊ नका. थोडे सुटे पैसे सिमवर टाका आणि त्या सहा दिवसांत आईला दोनच मिनिटांत आटपायला सांगा. ऐकणार नाही, तरी सांगा. इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल लावणारी ॲपंही आहेत, व्हायबर आउटसारखी, पण जुने लोक स्काइप सुचवतील तर ते मे २०२५ मध्येच बंद झालंय.

जर्मनीत सिम असं उचलून खिशात घालता येत नाही. जुलै २०१७ पासून प्रीपेडलाही ओळखपत्राची तपासणी लागते. सुपरमार्केटमधून आणलेलं सिम व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात कागद दाखवून चालू करावं लागतं, आणि त्यात भारतीय पासपोर्ट कधी अडकतो. त्यापेक्षा जावयांना घेऊन, पासपोर्ट बरोबर ठेवून, सरळ फोनच्या दुकानात जा. आणि रविवारी जाऊ नका, तिकडे रविवारी बाजार बंद असतो. शनिवारी रात्री उतरत असाल तर सोमवारपर्यंत वायफायवरच. त्या दोन दिवसांसाठी रोमिंगचा पॅक घ्यायची घाई करू नका, फ्रँकफर्टच्या विमानतळावर वायफाय फुकट आहे. उतरलो एवढा निरोप जातो. विमानात मात्र फोन खरोखरच फ्लाइट मोडवर टाका. काही विमानांत आकाशातलं वेगळं नेटवर्क असतं आणि त्याचा दर जमिनीवरच्या कुठल्याच दराशी नातं सांगत नाही.

आणखी एक खोड. मुलगी बाळंत होण्याआधी एखाद्या रविवारी जावई तुम्हाला ऱ्हाइनचा धबधबा दाखवायला नेतील. स्टुटगार्टहून तो एका दिवसात होतो. तो स्वित्झर्लंडमध्ये आहे. युरोपीय संघात जून २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत, म्हणजे जर्मन सिम फ्रान्स-इटलीत तसंच चालतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही. काही कंपन्या त्याला धरतात, काही नाही. सीमेवर कुणी हात दाखवून अडवत नाही, फोन मात्र गुपचूप स्विस नेटवर्क पकडतो. तुमच्या सिमचं आधी विचारा, नाहीतर त्या दिवशी डेटा बंद ठेवून धबधबा नुसत्या डोळ्यांनी बघा.

आता काकूंचं. पत्रातलं हे एकच वाक्य मला खटकलं. "ती माझ्याबरोबरच असणार." काका, तुम्ही तिथे फिरायला जाताय, काकू बाळंतपणाला जातायत. तुम्ही सकाळी जावयांबरोबर बाहेर पडाल. मुलगी दवाखान्यात असेल तेव्हा काकू घरी एकट्या. महिन्याभराने बाळाला गाडीत घालून त्या कोपऱ्यावरच्या बागेत जातील, गल्ल्या सगळ्या सारख्या, पाट्या जर्मन, आणि वायफाय घरी राहिलेलं. चुकल्या तर कुणाला हाक मारणार? त्यांच्यासाठी एक साधं सुपरमार्केटचं सिम घ्या. त्यांना भारताची मिनिटं नकोत. जर्मनीतल्या जर्मनीत मुलीला, जावयांना आणि तुम्हाला फोन लागला की झालं. त्यांचं सांगलीचं सिम त्यांच्या फोनमध्येच राहू दे, नव्या सिमसाठी मुलीचा कपाटात पडलेला जुना फोन मागून घ्या, तो प्रत्येक घरात असतो. त्यात चार नंबर मराठीत टाका. तातडीचा नंबर आपल्यासारखाच, ११२. तुम्ही पत्रात ज्याला वाचवायचा खर्च म्हणता, त्यातला हा नाही.

वेळेचं बघा. तुम्ही पोचाल तेव्हा सांगली साडेतीन तास पुढे असेल. तिकडे दुपारचे तीन, इकडे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तुमच्या तीनला इकडे साडेसात वाजलेले असतील. आईचं जेवण लांबेल. त्या दिवसापासून तुम्ही दुपारी दोनला लावा, तिची वेळ हलवू नका. रविवारी भाऊ घरी असतो; त्या दिवशी त्याच्या फोनवर व्हिडिओ कॉल करा, पणतवंडाचं तोंड बघायचंय तिला. बाकी सहा दिवस साधा कॉलच बरा. म्हाताऱ्या कानांना व्हॉट्सॲपचा अडखळता आवाज झेपत नाही.

राहिली एक अडचण, जी सिम विकणारा कुणी सांगणार नाही. तुमच्या भावाने आईला बजावलेलं असणार, अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवतात. बरोबरच आहे त्याचं. आणि जर्मनीहून लावलेला तुमचा कॉल तिला अनोळखीच दिसणार, पुढे अधिक चारनऊ हा जर्मनीचा कोड, किंवा भलताच कुठला नंबर. ती उचलणार नाही, तुम्ही तिकडे घामाघूम, आणि ती इकडे उपाशी. म्हणून नियम असा घाला: तिने मिस्ड कॉल दिल्यावर पाच मिनिटांत जो फोन येईल तो उचलायचा, बाकी दिवसभर कुठलाच परका नंबर नाही.

याची सवय निघण्याआधी पंधरा दिवस लावा. संध्याकाळी साडेसहाला तिने गावभागातून मिस्ड कॉल द्यायचा, तुम्ही विश्रामबागेत बसून तो उचलायचा नाही, आणि शेजाऱ्यांच्या, तिच्याकडे सेव्ह नसलेल्या फोनवरून तिला लावायचा. पहिले दोन-तीन दिवस ती उचलेल आणि म्हणेल, "अरे, इथेच तर आहेस, मग हा कुणाच्या फोनवरून बोलतोस?" तरी चालू ठेवा.

– तुमची ताई, सातारा